अर्धं शतक बंद असलेली बुगाटी

मित्रहो, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या एका डॉक्टरांनी १९५५ साली एक फ्रेंच गाडी घेतली. थोडी वर्षं चालवली आणि साठच्या दशकात गॅरेजमध्ये लावली, ती लावलीच. डॉक्टर गेल्यावर ते गॅरेज उघडलं. फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिसच्या रेट्रोमोबिल या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात बोनहॅम्स या लिलावसंस्थेने ती लिलावात काढली. टायर बसलेले, आतलं चामडं सुकलेलं, सगळीकडे धूळ. बोली सुमारे ३४ लाख युरोंवर थांबली.

ती होती बुगाटी टाइप ५७एस अटलांट. १९३७ साली अल्सासमधल्या मोल्सहाइमच्या कारखान्यात तयार झालेली. पहिले मालक अर्ल हाउ, १९३१ ची ल मान्सची चोवीस तासांची मोटारशर्यत जिंकणाऱ्या जोडीतले एक. एस मॉडेलच्या जेमतेम चाळीसेक गाड्या बनल्या. गाडी जमिनीलगत बसावी म्हणून चॅसिसच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, दांड्यांना भोकं ठेवून मागचा अ‍ॅक्सल त्यांतून आरपार नेला आहे. इंजिन खाली घ्यायचं तर त्याच्या पोटातली तेलाची टाकी आड येते, म्हणून तेल वेगळ्या टाकीत ठेवलं. इंजिन ३,२५७ सीसीचं, आठ सिलिंडर एका रांगेत. या घाटामागे कंपनीचे संस्थापक एत्तोरे बुगाटी यांचा मुलगा झाँ होता, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. पुढे दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९३९ मध्ये, गाडीची चाचणी घेताना अपघातात तो गेला. ही गाडी पाहताना मला दर वेळी त्याची आठवण होते.

आता इतकी किंमत कशाची आली? चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी, सगळं एकाच गाडीचं, जन्मापासूनचं. मीटरवर २६,२८४ मैल. या मॉडेलच्या अनेक गाड्यांना नंतर सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारे पंप) बसले, काहींच्या बॉड्या बदलल्या. हिचे मुख्य भाग मात्र मूळचेच राहिले.

जीर्णोद्धार करणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे. रबरी नळ्या, वायरिंग, टायर, ब्रेकचे झिजलेले भाग बेलाशक बदला, तिथे जिवाचा प्रश्न आहे. पण मूळ रंग खरवडू नका. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइलपेंट फासतात, तेच या गाड्यांचं होतं. त्या काळच्या बॉडीत पत्र्याखाली बहुधा लाकडी सांगाडा असे. त्यावरच्या रंध्याच्या आणि पटाशीच्या खुणा कारागिराच्या हातच्या आहेत. नवं लाकूड घातलं की त्या गेल्या, मग तुमच्याकडे कितीही पैसा असो.

पण काहीच करू नये, असंही मी म्हणत नाही. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवरात ब्रेशिया मॉडेलची १९२५ ची एक बुगाटी कित्येक दशकं तळाशी पडून होती. २००९ मध्ये पाणबुड्यांनी ती वर काढली आणि जानेवारी २०१० मध्ये, पुन्हा रेट्रोमोबिललाच, ती २,६०,५०० युरोंना विकली गेली. वापरण्याजोगं जेमतेम पाचवा हिस्सा उरलं होतं. ती दुरुस्त करायची म्हणजे नवी गाडी बांधून तिच्यावर जुना नंबर ठोकायचा. विकत घेणाऱ्या पीटर मलिन यांनी तिला कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात आहे तशीच ठेवली. मला ते शंभर टक्के पटतं. न्यूकॅसलची गाडी मात्र धावलीच पाहिजे, कारण तिचं जवळजवळ सगळं जागेवर आहे.

तुमच्यापैकी कुणी अमिल्कार किंवा साल्मसाँसारखी साधी जुनी फ्रेंच गाडी अशा अवस्थेत घेतली, तरी पहिल्या दिवशी बॅटरी जोडून स्टार्टर मारू नका. आधी प्रत्येक भागाचा नंबर लिहा, फोटो काढा. जुनं पेट्रोल आणि तेल उपसा. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, ते काही दिवस मुरू द्या आणि मग हँडलने, हळू, हातानेच इंजिन फिरवून पाहा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडा.