कमळाचं तळं, सावलीचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

कंबर तलावाला आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात, पण जुन्या सोलापूरकराला विचारा, कंबर तलाव म्हटलं की त्याला कमळंच आठवणार. कमळाचं पान कधी हातात घेऊन पाहिलंय? एका बाजूला चीर असलेलं, पाण्यावर निजलेलं पान दिसलं तर ती कुमुदिनी. कमळाचं पान ताटासारखं अखंड गोल, बहुतेकदा देठावर पाण्याच्या वर उभं. त्यावर ओंजळभर पाणी ओता. पाऱ्यासारखे गोळे होऊन ते घरंगळतं आणि जाताना धूळही घेऊन जातं. देठ मोडलात तर आत नळ्या दिसतील. पानानं घेतलेली हवा त्यांतून चिखलातल्या कंदापर्यंत पोचते.

फुलाची गंमत तर आणखी न्यारी. उमलण्याच्या दोन-चार दिवसांत ते स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. बाहेर 10 अंशांपर्यंत गारठा असला तरी आत 30 ते 36 अंश! परागीभवन करणाऱ्या भुंगेऱ्यांना रात्री तिथं उबदार आसरा मिळतो.

अशा तळ्यावर जलपर्णी पसरू देणं मला सहन होत नाही. तिची जांभळी फुलं देखणी, पण ती ऊन अडवते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि कमळाला जागाच उरत नाही.

माझ्या मनात फार दिवस एक गोष्ट आहे. अशा तळ्याकाठी सोलापूरचं स्वतःचं वनस्पतिगृह असावं. बेंगळुरूच्या लालबागेत 1889 सालचं काचघर आहे, सुंदर आहे. पण काचेचं घर मुळात थंड मुलखातलं, ऊब कोंडून धरायला बांधलेलं. आपल्याकडं मे महिन्यात पारा 43च्या पुढं जातो. काचेखाली नेचे (फर्न) आणि आमरी (ऑर्किड) भाजून निघतील. आपल्याला हवं सावलीचं घर: वर शेडनेट, पश्चिमेला वाळ्याचे ओले पडदे, खाली भिजवलेल्या विटा. पाण्याची वाफ होताना ती भोवतीची उष्णता ओढून घेते. माठातलं पाणी गार होतं ते याच हिशेबानं, आणि हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. म्हणजे आपला कोरडा उन्हाळाच इथं कामी येतो.

आमच्या घरी गच्चीवर दोन नेचे करपले. तिसरा मी माठाच्या तिवईखाली ठेवला, झिरपणाऱ्या पाण्याशेजारी. यंदाच्या मे महिन्यात त्यानं तीन नवी पानं उलगडली.