घरचा बॅकअप घरातल्या सगळ्यांना उघडता यावा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘घरच्या डिजिटल माहितीची साठवण’. माझा आग्रह एकच आहे. फोटो, खरेदीखत, पॉलिसी, आजीच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या ओव्या, जे काही तुम्ही जपलंय ते तुमच्या माघारी घरातल्या दुसऱ्या माणसाला कुणाला फोन न करता सापडलं पाहिजे.

आधी गिटलॅबची गोष्ट सांगतो. ती मला फार प्रिय आहे, त्यामुळे जरा लांबेल. प्रोग्रॅमर मंडळींचं काम सांभाळून ठेवणारी ही कंपनी, म्हणजे जपणूक हाच तिचा व्यवसाय. दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि दुसरा त्याची नक्कल उतरवून घेणारा. ३१ जानेवारी २०१७ ला ही नक्कल मागे पडली, म्हणून नकलेच्या सर्व्हरवरचं फोल्डर पुसून नव्यानं सुरुवात करायचं ठरलं. रात्र झाली होती, इंजिनिअर दमलेला होता. त्यानं पुसण्याची कमांड दिली आणि ती चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्यानं थांबवलंही. तोवर सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी शिल्लक होते.

नको ते फोल्डर उडवलेले इथे किती जण आहेत? हात वर करा. वा, पहिली रांग प्रामाणिक आहे!

तर मग बॅकअप शोधायला लागले. रोजचा बॅकअप जिथे साठायचा ती जागा उघडली, तर रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ चा. दोघांचं जमत नव्हतं आणि काम रोज अर्धवट राहत होतं. तसं कळवणारे ईमेल जात होते, पण ते वाटेतच नाकारले जात होते. डिस्कची आपोआप प्रत काढायची सोय होती, ती डेटाबेसच्या सर्व्हरवर कुणी चालूच केली नव्हती. नक्कल तर आधीच पुसलेली. पाच उपाय योजले होते, त्यातला एकही नीट चालत नव्हता, हे कंपनीनं स्वतः जाहीरपणे लिहिलं. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. अखेर उपयोगी पडली ती सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी एका माणसानं हातानं काढलेली प्रत. मधल्या सहा तासांचं मात्र गेलं ते गेलंच.

पगारी तज्ज्ञ असलेल्या ठिकाणी हे होतं. आता आपली घरं बघा. मुलगा सुट्टीत येतो, टीव्हीखाली दोन डिस्कची नॅसची पेटी बसवतो, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइल्स वायफायवरून साठवणारी पेटी, निळे दिवे लुकलुकतात, मुलगा बंगळुरूला परत जातो. पासवर्ड त्याच्याकडे. घरी विचारलं की उत्तर येतं, ‘बॅकअप आहे की, दोन डिस्क आहेत!’ अहो, त्या दोन डिस्क एकमेकींचा आरसा आहेत. इकडचा फोटो पुसला की तिकडचाही त्याच क्षणी जातो. त्या रचनेला रेड म्हणतात. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ती मांडली. एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहावं, यासाठी ती आहे. पुसलेलं परत मिळवणं हे तिचं काम कधीच नव्हतं. फोनमधलं सगळं इंटरनेटवरच्या साठवणीशी आपोआप जुळवत राहणारं क्लाउड सिंकही याच जातीचं, फोनवर पुसलं की तिथलंही जातं. इथे फार चांगली माणसं फसतात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं? बरं, भराभर सांगतो.

पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रुजवलेला नियम घ्या: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घरासाठी त्याचा अर्थ असा. कॉम्प्युटरवर एकच मोठं फोल्डर, आत वर्षांची फोल्डर, साधे जेपीजी आणि पीडीएफ. त्याची प्रत एका यूएसबी हार्ड डिस्कवर. काम झालं की वायर काढून डिस्क कपाटात. जोडून ठेवलीत तर व्हायरस तिच्यावरही जातो. दुसरी तशीच डिस्क दुसऱ्या गावी, बहिणीकडे म्हणा, दिवाळीला अदलाबदल करायची. २००५ च्या पावसात मुंबईत आणि २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे घरंच पाण्याखाली गेली होती, म्हणून दुसरं गाव. क्लाउड परवडत असेल तर जरूर घ्या, पण या दोन डिस्कच्या जोडीला.

वर्षातून एकदा डिस्क दुसऱ्याच्या लॅपटॉपला लावून पाच-दहा फाइल्स खरंच उघडून बघा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून पॉलिसीच्या फाइलमध्ये ठेवा. किल्ली हरवली की डिस्क धडधाकट असूनही आतलं काही मिळत नाही.

आणि शेवटचं, ज्येष्ठांसाठी. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं, आतल्या फोटोंसकट, गूगल काढून टाकू शकतं. डिसेंबर २०२३ पासून हे सुरू झालंय. माणूस गेल्यावर त्याचं खातं कोण उघडतंय? खातं निष्क्रिय झालं तर कुणाला कळवायचं, कुणाला आतलं द्यायचं, हे त्याच खात्याच्या सेटिंगमध्ये आजच नोंदवता येतं. ज्यांना ते करून घ्यायचंय त्यांनी चहा घेऊन फोनसकट उजवीकडच्या टेबलापाशी या, मी थांबतोय.