ऑर्केस्ट्रा म्हणजे नाचायची जागा

श्रोतेहो, नमस्कार. ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये मात्र ऑर्खेस्त्रा म्हणजे नाचायची जागा. अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर प्रेक्षक बसत, ते थेआत्रॉन, म्हणजे पाहायची जागा. खालच्या सपाटीवर कोरस, म्हणजे समूह, नाचत-गात असे. शोकांतिकेत 12 जण, नाटककार सोफोक्लीसपासून 15, सुखात्मिकेत 24. साथीला एकच वादक, तोंडात औलोस नावाची दुहेरी पिपाणी.

मागे स्केने, म्हणजे नटांची खोली. मूळ अर्थ तंबू; 'सीन' हा शब्द तिथूनच आला. आपल्या 'नेपथ्य'चंही तसंच झालं की! रंगभूषेची, कपडे बदलण्याची मागची जागा, आणि आज तो शब्द आपण समोरच्या देखाव्याला वापरतो. स्केनेत मुखवटे बदलत. बोलणारे नट तीनच, सगळे पुरुष, सगळ्या भूमिका त्यांच्यातच वाटलेल्या. कोरसची गाणी मध्ये येत म्हणून बदलायला सवड मिळे.

खून सहसा आतच होई. एस्किलसच्या 'अगामेम्नॉन' नाटकात, इसवी सनापूर्वी 458, राजाची किंकाळी ऐकू येते आणि बाहेरचे कोरसमधले 12 म्हातारे दोन-दोन ओळींत मत देत बसतात: आत शिरावं की थांबावं? तेवढ्यात राणी प्रेतांसह समोर. प्रेतं बाहेर आणण्यासाठी चाकांचा पाट असे, एक्किक्लेमा. देवांना वरून आणायला मेखाने, म्हणजे यारी. युरिपिडीस या नाटककाराची मेडिया सूर्याच्या रथातून निसटते, ते तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलला खटकलं होतं: शेवट कथानकातूनच निघावा, यंत्रातून नको.

यंत्रापेक्षा बेभरवशाचा घसा. मुखवट्यामागे चेहरा दिसत नाही, म्हणजे सगळा भार आवाजावर. इसवी सनापूर्वी 408 मध्ये युरिपिडीसच्या 'ओरेस्टेस'मध्ये हेगेलोखस या नटाला म्हणायचं होतं, 'लाटांनंतर मला पुन्हा शांत समुद्र दिसतोय.' 'शांत' या अर्थाच्या 'गालेना'तला शेवटचा 'आ' पुढच्या स्वरापुढे गळतो, उरतो 'गालेन'. आता दुसऱ्या एका शब्दाशी फरक फक्त सुराच्या चढउताराचा. तिथंच त्याचा सूर चुकला आणि ऐकू आलं, 'मला पुन्हा मुंगसासारखं जनावर दिसतंय.' तीन वर्षांनी अ‍ॅरिस्टोफनीसनं 'बेडूक' नाटकात ती ओळ चुकीसकट पुन्हा म्हणवून घेतली.