शेफिल्डला आलेल्या पोरांसाठी दोन शब्द (मेळाव्यातलं भाषण)

नमस्कार मंडळी. जेवण तयार आहे, वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे फार ताणत नाही.

यंदा नवी आलेली पोरं बरीच दिसतायत. आईबाबांचे फोन येतात तेव्हा प्रश्न ठरलेले, रँकिंग काय, जॉब लागेल का, कुकर नेऊ का. कुकर न्या. पण युनिव्हर्सिटीत नुसतं लेक्चर आणि रूम एवढंच करू नका. ही शेफिल्ड युनिव्हर्सिटी 1905 ची, आणि ती उभी राहावी म्हणून इथल्या स्टीलच्या कारखान्यांतल्या कामगारांनी पेनी-पेनी वर्गणी दिली होती, म्हणजे ती वापरायला लाजायचं काही कारणच नाही.

इन्फॉर्मेशन कॉमन्स ही लायब्ररी रात्रभर उघडी असते, डायमंड बिल्डिंगमध्ये इंजिनिअरिंगच्या लॅब बघून घ्या, आणि आर्ट्स टॉवरची पॅटरनॉस्टर लिफ्ट, तिला दार नाही, ती थांबतही नाही, 38 खोके गोल फिरत असतात, आपला मजला समोर आला की पाय टाकायचा आणि उतरताना पुन्हा तसंच, आईला व्हिडिओ पाठवू नका, घाबरेल. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव मात्र पहिल्याच आठवड्यात नोंदवा, हेल्थ सरचार्ज, म्हणजे सरकारी दवाखान्याची फी, व्हिसासोबत भरलाय ना, मग ताप अंगावर कशाला काढायचा?

आता मला खरं बोलायचंय ते स्टुडंट्स युनियनबद्दल, म्हणजे विद्यार्थी संघटनेबद्दल. आपल्याकडे महाराष्ट्रात कॉलेजच्या थेट निवडणुका 1990 च्या दशकात बंद झाल्या, पुढे मार्कांवर सीआर (वर्गप्रतिनिधी) ठरायला लागले, त्यामुळे युनियन म्हटलं की आपल्याला एक तर राडा आठवतो नाहीतर काहीच नाही. इथे युनियन म्हणजे चॅरिटी, तिचे ऑफिसर विद्यार्थीच निवडून देतात, निवडून आलेला वर्षभर फुलटाइम पगारी काम करतो, आणि व्हाइस चॅन्सलर ज्या मीटिंगांना बसतात त्यातल्या काहींत तोही बसतो. चॅन्सलर हे मानाचं पद बरं का, कारभार व्हाइस चॅन्सलरच बघतात, बरीच पोरं इथे घोळ घालतात. आणि हे सगळं इंग्रज पोरांसाठीच असतं असं समजू नका. स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला 20 तासच काम करता येतं, बहुतेकांना, पण युनियनचा असा पगारी, म्हणजे सॅबॅटिकल, ऑफिसर म्हणून निवडून आलात तर फुलटाइम चालतं, दोन वर्षांपर्यंत. नायजेरियाची, चीनची पोरं उभी राहतात की, आपलीच मागे का?

लगेच प्रेसिडेंट व्हा म्हणत नाही. कोर्स रेप, म्हणजे आपल्या कोर्सचा विद्यार्थी प्रतिनिधी, व्हा आधी. असाइनमेंटचा फीडबॅक उशिरा येतो, तीन डेडलाइन एकाच आठवड्यात, ही रडगाणी आपण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठीत गातो, तिथे डिपार्टमेंटचं कोण वाचणार आहे? कोर्स रेप तेच डिपार्टमेंटच्या कमिटीत बोलतो आणि ते मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदींत, लिहिलं जातं.

टर्म सुरू झाली की कोर्स रेप हवेत असा डिपार्टमेंटचा मेल येतो. उघडा, डिलीट मारू नका. चला, पुऱ्या गार होतायत.