नळकांडं फुटल्यानंतर

[संथ गतीतलं दृश्य: रस्त्यावर पडलेलं नळकांडं]

अश्रुधुराचं नळकांडं आपटलं, गरगर फिरलं, आणि आता बघा, बुडातून पांढरा लोट. दिसायला धूर, पण पसरतेय ती भुकटी. अश्रुधुरातलं सीएस हे रसायन एरवी घनरूप असतं. नळकांड्यात ते जळणाऱ्या मिश्रणासोबत भरतात. आगीनं त्याची वाफ होते आणि बाहेरच्या हवेत ती थंडावली की सूक्ष्म कण उरतात. या मुलानं नळकांडं उघड्या हातानं उचललंय. ते भाजण्याइतकं तापलेलं असतं.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं]

सीएस पहिल्यांदा तयार केलं 1928 मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्सन आणि स्टॉटन या रसायनशास्त्रज्ञांनी. पुढे 1950च्या दशकात ब्रिटनच्या पोर्टन डाउन प्रयोगशाळेत त्यावर काम झालं, कारण आधीचा सीएन हा अश्रुधूर त्यांना पुरेसा प्रभावी वाटत नव्हता. 1969 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत सीएस वस्तीत वापरलं गेलं. मग नेमलेल्या हिम्सवर्थ समितीनं सुचवलं की अशा रसायनाची तपासणी शस्त्रासारखी नको, औषधासारखी व्हावी. चांगली सूचना होती.

[डोळे चोळणारे चेहरे]

डोळे, नाक, घसा, घामेजलेली मान; जिथे ओल, तिथे कण चिकटतात आणि वेदना जाणवून देणाऱ्या नसांची टोकं चेतवतात. मोकळ्या हवेत गेलं की बहुतेकांना अर्ध्या तासात उतार पडतो, हे खरं. पण ते निरोगी माणसाचं. दमेकरी, लहान मुलं, बंद खोलीत अडकलेले यांचं गणित वेगळं. अमेरिकी सैन्याच्या 6,723 नवशिक्या जवानांच्या अभ्यासात सीएसच्या प्रशिक्षणानंतर श्वसनाच्या आजारांचा धोका जवळपास अडीच पट आढळला. तेही तरुण, धडधाकट! नळकांडं सरळ अंगावर डागलं तर कवटी फुटते, डोळा जातो, जीवही जातो.

[सभागृहातले झेंडे]

1993च्या रासायनिक शस्त्रबंदी करारानुसार युद्धात शत्रूवर अश्रुधूर सोडायला बंदी आहे. स्वतःच्या देशातल्या जमावावर मात्र चालतो. त्यासाठी बाळगलेल्या रसायनाचं नाव आणि रचना प्रत्येक देशानं कळवायची असते. साठा किती, वापर कितीदा, हे कळवण्याची सक्ती या करारात नाही.