प्रशिक्षण संपल्यावर

(दृश्य: गडचिरोली जिल्ह्यातलं एक गाव. घराची ओसरी.)

धानकापणीचे दिवस. घरातले सगळे बांधीत गेलेत. मागे उरलीय बाळंतीण, तिची सासू आणि आठवडाभराचं बाळ. आशाताई बाळाचं दुपटं बाजूला सारते, घड्याळ समोर धरते आणि पोटाच्या हालचालीवर नजर लावते. पूर्ण एक मिनिट. बाळ रडलं, तर मोजणी पहिल्यापासून. श्वास साठ किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजायचं. तेव्हाही तेवढेच आले, तर धोका.

"काहून वं, लेकरू तं बरं हाय ना?" आजी विचारते. ताई गप्प. बोलली की आकडा हुकला!

प्रशिक्षणाच्या वर्गात हे सगळ्यांनाच जमतं. गावी परतल्यावर किती टिकतं, याचा मनुष्यबळ विकासाचे अभ्यासक कधीपासून शोध घेताहेत. बाल्डविन आणि फोर्ड यांनी १९८८ साली तोवरचे अभ्यास तपासले. शिकणारा आणि शिकवण्याची आखणी महत्त्वाची आहेच. पण परतल्यावर वरिष्ठांची साथ मिळते का, शिकलेलं वापरायची संधी मिळते का, हेही तितकंच महत्त्वाचं, असं त्यांनी मांडलं. आपल्याकडे हजेरीपट भरला, ग्रुप फोटो निघाला, की प्रशिक्षण यशस्वी.

याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ही साथ प्रयोगातच गुंफली होती. १९९५ पासून ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या बाया आरोग्यदूत झाल्या. बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत त्यांची तयारी झाली. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात यायचे, पण इलाज करायला नाही. नोंदी पडताळायच्या, चुकलेलं दुरुस्त करायचं, पुन्हा शिकवायचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांच्या मानानं, ६२ टक्क्यांनी घटलेला.

२०११ मध्ये केंद्र सरकारनं नवजात बाळाची घरभेट देशभरातल्या आशांकडे सोपवली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर ४२ दिवसांत सहा भेटी. भेटी मोजता येतात, म्हणून त्या फॉर्मवर चढल्या. श्वास नीट मोजले का, हे मात्र शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. ते काम आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंचं. आणि त्यांच्याच माथी अहवालांचा ढीग.

तेव्हा पुढच्या प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी त्यांना एवढं विचारा: महिन्यातले किती दिवस गावात जातात, आणि किती अहवालात?