पूररेषेच्या आत

१७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत महापालिकेने इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले. तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. दिसला तो एकच दिवस. त्यामागे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा १ जुलै २०२४ चा आदेश होता, ५ कोटींची पर्यावरणीय भरपाई होती आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला होता.

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित. आता गोम अशी, की निळ्या रेषेतली बरीचशी जमीन सरकारची नसतेच. सातबाऱ्यावर खासगी मालकाचं नाव असतं, गुंठा-गुंठा करून ती विकली जाते, दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं जातं. मग वीजमीटर येतो, घरपट्टी लागते आणि घेणाऱ्याला वाटतं, आपलं सगळं कायदेशीर झालं. खरेदीखत व्यवहाराची नोंद करतं; बांधायची परवानगी देत नाही. बेकायदा बांधकामावरची शास्ती भरूनसुद्धा ते नियमित होत नाही. रेषा जलसंपदा खात्याकडे, परवानगी महापालिकेकडे, सातबारा महसूलकडे. घर घेणारा यातल्या किती दारांत जाऊन विचारतो?

कायदा कमी पडतो, असं मला वाटत नाही. महसूल संहितेचं कलम २० खासगी मालकीचं नसलेलं नदीपात्र शासनाचं मानतं, कलम ५० जिल्हाधिकाऱ्यांना अतिक्रमण काढायचा अधिकार देतं. बियास नदीकाठच्या हॉटेलच्या खटल्यात १९९६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकार नद्यांसारख्या नैसर्गिक संपत्तीचं मालक नव्हे, जनतेच्या वतीने सांभाळ करणारं विश्वस्त आहे. २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. काही महिन्यांत त्याला स्थगिती मिळाली. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. व्यक्ती ठरली तरी नदीच्या वतीने मोजणीचा अर्ज करायला माणूसच लागतो.

खरी लढाई भरावाच्या टप्प्यावर असते. रात्री डंपर राडारोडा टाकतात, जमीन उंचावते, आणि मग ‘इथे पाणी येतच नाही, रेषा पुन्हा आखा’ अशी मागणी होते. म्हणून फोटो, तारखा, पंचनामा आणि जुना नकाशा लागतो. हरित न्यायाधिकरणात त्याच्या स्वतःच्या कायद्याच्या कलम १४ खाली दाद मागायची मुदत सहा महिने, वर फार तर ६० दिवस. नदी पूर्ववत करून मागायची असेल तर कलम १५ खाली पाच वर्षं. स्लॅब पडेपर्यंत थांबलात, तर पहिली मुदत बहुधा हुकते.

आणि भराव टाकणारा दरवेळी बिल्डरच असेल असंही नाही. पुण्यात विठ्ठलवाडीकडून महामार्गाला जोडणारा मुठेकाठचा रस्ता महापालिकेचाच होता. २०१३ मध्ये न्यायाधिकरणाने त्याचा निळ्या रेषेतला भाग काढायला लावला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडापाडीपूर्वी १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली, पण नदी आणि जलाशयांवरची अनधिकृत बांधकामं त्यातून वगळली. म्हणजे पात्रातल्या झोपडीला त्या १५ दिवसांचीही हमी नाही. चिखलीच्या बंगल्यांना आदेशानंतर दहा महिने मिळाले, कारण त्यांच्याकडे वकील होते. अपील हा त्यांचा हक्कच होता. झोपडीवाल्याचं म्हणणं कुणी, कधी ऐकायचं, हे मात्र त्या अपवादात कुठेच लिहिलेलं नाही.